हात लावू का?

शाळेच्या संगणक कक्षाला कुलूप होतं आणि किल्ली कुणाकडे आहे याबद्दल स्टाफरूममध्ये तीन मतं होती. मुख्याध्यापक म्हणाले, शिपाईमामांकडे. शिपाईमामा म्हणाले, मागच्या वर्षी बदली होऊन गेलेल्या सरांच्या कपाटात. एक मॅडम म्हणाल्या, तालुक्याला जमा केली असेल. अर्ध्या तासाने ती सापडली सरस्वतीच्या फोटोमागच्या खिळ्याला.

आत दहा कॉम्प्युटर होते. प्रत्येकावर फुलाफुलांच्या कापडाचं कव्हर, कार्यानुभवाच्या तासाला मुलींनी शिवलेलं. खाली झालरसुद्धा लावलेली. मॉनिटरच्या कोपऱ्यावर वाळलेलं गंधाचं बोट आणि कीबोर्डच्या फटीत झेंडूच्या पाकळ्या. दसऱ्याला पूजा झाली होती, आणि आता फेब्रुवारी चालू होता. दहापैकी चार कॉम्प्युटर सुरू झाले.

कव्हरं मुलींनी शिवली होती आणि आतल्या यंत्राला त्यांच्यातल्या एकीनेही बोट लावलेलं नव्हतं. हे मला त्या दिवशी दिसलं नाही. त्या दिवशी मला फक्त धूळ दिसली आणि खूप शिंका आल्या.

हे माझं आजोळ. पुरंदर तालुक्यात, सासवडच्या पुढे, अंजीर-सीताफळाच्या पट्ट्यात. मी हडपसरला एका कंपनीत सर्किट बोर्ड तपासायचं काम करते. शनिवारी मला सुट्टी, आणि झेडपीच्या शाळेची शनिवारी सकाळची शाळा. दिवे घाट चढून जाणारी एसटी वेळेवर मिळाली की शाळा सुटायच्या आत मी पोचते. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यामुळे माझा हा सगळा उपक्रम निम्म्या खर्चात चालतो. कार्यक्रमांत मात्र माझी ओळख 'मुलींमध्ये तंत्रज्ञान शिक्षणाचा प्रसार करणाऱ्या युवा कार्यकर्त्या' अशी करून देतात, आणि त्या वाक्यात मला मी ओळखूच येत नाही. मी दर शनिवारी नऊ स्क्रू-ड्रायव्हर मोजून देते आणि नऊ मोजून परत घेते. कधी आठच येतात.

पहिल्या शनिवारी सहावी-सातवीची तेवीस मुलं बसली. चौदा मुली, नऊ मुलगे, चार कॉम्प्युटर. कुणी कुठे बसायचं हे मी सांगितलं नव्हतं. पाच मिनिटांत चारही माऊस मुलग्यांच्या हातात होते आणि मुली मागे वह्या घेऊन उभ्या होत्या. सुंदर अक्षरात, समास सोडून, त्या लिहून घेत होत्या: १. पडद्यावरील चित्रावर क्लिक करावे. २. दोनदा क्लिक करावे. क्लिक दुसराच करत होता.

मग एक मुलगी पुढे आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "ताई, हात लावू का?"

हा प्रश्न मी त्यानंतर इतक्या वेळा ऐकलाय की तो आता मला मुलींच्या हजेरीसारखा वाटतो. मुलगे हा प्रश्न विचारत नाहीत. ते आधी बटण दाबतात आणि मग विचारतात, "ताई, हे काय झालं?"

माझ्याच शाळेत (नाव राहू दे) विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाला सर सांगायचे, मुलांनी जोडणी करा, मुलींनी नोंदी घ्या. त्यांचा हेतू वाईट नव्हता. मुलींचं अक्षर चांगलं असतं, जर्नल नीट दिसतं, तपासणीला बरं. बॅटरी, बल्ब, कळ, तारा या जोडणीची आकृती मी दहावीपर्यंत निदान वीस वेळा काढली असेल, पट्टी-पेन्सिलने, बाण दाखवून. खरी तार पहिल्यांदा सोलली ती कॉलेजात. तीही दातांनी, आणि रूममेटने पाठीत धपाटा घातला.

कर्वेनगरच्या कमिन्स कॉलेजात मी ई अँड टीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन, केलं. १९९१ साली सुरू झालेलं मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज, कर्व्यांच्या संस्थेचं. आजचं कर्वेनगर म्हणजे तेव्हाचं हिंगणे. १९०० साली अण्णा कर्व्यांनी विधवांसाठीचा आश्रम तिथे झोपडीत नेला. मला आधी त्या कॉलेजात जायचंच नव्हतं. फक्त मुली म्हणजे पुन्हा शाळाच की, असं वाटायचं. पण लॅबमध्ये पहिल्याच आठवड्यात एक गंमत कळली. सोल्डरिंग गन समोर ठेवलीय, टेबलाभोवती चौघी उभ्या आहेत, आणि 'जरा धरतोस का रे' म्हणायला कुणीच नाही. मग कुणीतरी धरलीच. बोट भाजलं. दुसरीने धरली. कुठल्याही व्याख्यानाने जे झालं नसतं ते एवढ्याने झालं.

याचा अर्थ मुलींना वेगळंच बसवा, असा मी लावत नाही. नोकरीत शेवटी सगळे एकत्रच असतात. पण पहिले काही महिने तरी माऊस कुणाच्या हातून हिसकावून घ्यावा लागू नये, एवढं मला पटलं. गावात मी शनिवारचा पहिला तास फक्त मुलींचा केला, तेव्हा दोन पालक भांडायला आले की आमच्या पोरांनी काय घोडं मारलंय. रास्त प्रश्न होता. पोरांना दुसरा तास दिला. ते चारही कॉम्प्युटर आधीच चालू केलेले बघून थोडे हिरमुसले, एवढंच.

माझी आई शिवणकाम करायची. अजूनही करते, पण आता फक्त पिको-फॉल. लहानपणी मशीन अडलं की ती काय करायची ते मी हजार वेळा पाहिलंय. आधी ऐकायची. आवाज कुठून येतोय ते ऐकून मशीन मागे कलंडायची, बॉबिन काढायची, जुन्या टूथब्रशने खालचा धाग्यांचा कचरा साफ करायची, कुपीतून दोन थेंब तेल, मग चिंधीवर टाका घालून बघायची. वरचा दोरा ताणला गेलाय की खालचा, हे ती टाका बघून सांगायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा बघायचं, हा तिचा नियम. आज कंपनीत बिघडलेला बोर्ड माझ्या टेबलावर आला की मी नेमकं हेच करते, आणि त्याचा मला पगार मिळतो.

त्याच आईच्या घरात टीव्हीवर मुंग्या आल्या की ती म्हणायची, "हात लावू नकोस, बाबा येऊ देत." बाबा यायचे आणि टीव्हीला वरून दोन चापट्या मारायचे.

शिवणाचं मशीन बायकांचं, म्हणून ते यंत्र नाही. मिक्सर बायकांचा, म्हणून तोही नाही. आमच्याकडे खंडेनवमीला कोयता, पक्कड, पाना, टेस्टर, अगदी गाडीची किल्लीसुद्धा पाटावर मांडली जायची. शिवणाच्या मशीनला जागेवरच हळदकुंकू. मिक्सरला काहीच नाही, त्याला त्या दिवशीही पुरणाचं काम असायचं.

सुरुवातीला मीही तीच चूक केली. एका कंपनीच्या सीएसआरमधून आम्ही काहीजणी शाळाशाळांतून कार्यशाळा घ्यायचो. ८ मार्चच्या आसपास त्यांना ऊत येतो. गुलाबी बॅनर, गुलाबी टोप्या, शेवटी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. मुलींना आज्ञावली, म्हणजे कॉम्प्युटरचा प्रोग्राम, म्हणजे काय हे समजावायला आमच्या हातात ठरलेलं उदाहरण होतं: चहा. आधी पाणी, मग साखर, मग पावडर, उकळी आली की दूध. मुलग्यांच्या गटाला क्रिकेटचं उदाहरण. कुणालाच त्यात काही खटकत नव्हतं, मलाही नाही. आजोळच्या शाळेत मी तोच चहा सांगायला लागले तर सातवीतली एक मुलगी कंटाळून म्हणाली, "चहा तर येतोच ताई. मोटरचं सांगा ना."

कुठली मोटर? विहिरीवरची. मी म्हटलं, मला तिच्यातलं फार कळत नाही, तूच सांग. मग तिने सांगितलं. आधी लाईट आली का बघायचं. त्यांच्याकडे शेतीची लाईट कधी दिवसाच्या पाळीला, कधी रात्रीच्या. आली असेल तर तिन्ही फेज आहेत का बघायचं, पेटीवर तीन दिवे असतात. एक जरी गेलेला असला तरी स्टार्टर दाबायचा नाही, मोटर जळते, मग रिवाइंडिंगला टाकावी लागते. तिन्ही असले तर हिरवं बटण. विहिरीचं पाणी तळाला गेलं की मोटर हवा ओढते, आवाज बदलतो, मग लगेच लाल बटण.

मी फळ्यावर तिचंच बोलणं लिहिलं, फक्त ओळी पाडून. जर लाईट आली आणि तिन्ही फेज असतील आणि पाणी असेल, तर चालू. नाहीतर बंद. 'आणि'खाली रेघ मारली. एमआयटीवाल्यांनी २००७ मध्ये मुलांसाठी काढलेल्या स्क्रॅचमध्ये हेच 'जर-तर-नाहीतर' रंगीत ठोकळ्यांनी रचता येतं. इंटरनेट नसलं तरी चालतं, म्हणून आमच्यासारख्या शाळांना ते सोयीचं. स्क्रॅचमधल्या ठरलेल्या मांजराच्या जागी तिने मोटरचं चित्र काढलं, अगदी खालच्या फाउंडेशन बोल्टसकट.

"घरी मोटर कोण चालू करतं?" मी विचारलं.

"पप्पा. नाहीतर दादा."

"आणि तू?"

"मी पेटीपाशी उभी राहते. तिन्ही दिवे आहेत का ते ओरडून सांगते."

घरातला सेन्सर ती होती. बटण दुसऱ्याच्या हातात होतं.

इथे मला सांगितलंच पाहिजे की मी तिला 'जा, तूच बटण दाब' असं म्हटलेलं नाही. ४१५ व्होल्ट असतात ते, आणि शेतातल्या पेट्या उघड्या असतात. त्याची भीती खरी आहे आणि ती असलीच पाहिजे. पण करंट काही मुलगा-मुलगी बघून लागत नाही. दादालाही लागतोच की. त्याला पायात चप्पल घाल म्हणून सांगतात आणि हिला लांब हो म्हणून. 'बिघडेल'चंही तसंच. मुलग्याने मोबाईल उघडून ठेवला तर तो शिकतोय. मुलीने उघडला तर नुकसान केलं, आता कोण भरून देणार?

म्हणून आमच्या तासाला दोन नियम ठरले. बॅटरी किंवा यूएसबीवर चालेल तेवढंच करायचं, भिंतीतल्या सॉकेटला कुणी हात लावायचा नाही. आणि काहीही बिघडलं तरी ओरडा नाही, मात्र कसं बिघडलं ते वहीत लिहायचं. त्या वहीला पोरींनी बिघाडवही नाव दिलं. पहिली नोंद नेमकी माझीच पडली, कारण पहिल्याच दिवशी गप्पांच्या नादात मी अडॅप्टरची १२ व्होल्टची तार आर्डुइनोच्या (प्रोग्राम भरून चालवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) ५ व्होल्टच्या पिनला लावली. बारीक धूर, जळका वास, बोर्ड गेला. पाचेकशे रुपयांना पडला. एकीने शुद्धलेखनासकट लिहिलं: 'ताईंनी १२ व्होल्टची तार ५ व्होल्टला जोडली. बोर्ड मरण पावला. ताई स्वतःवरच हसल्या.' दुसरी नोंद: 'एलईडी रेझिस्टर न लावता ९ व्होल्टच्या बॅटरीला जोडला. एकदा फार उजेड पडला. नंतर नाही.'

जे सुंदर अक्षर इतकी वर्षं दुसऱ्याचे क्लिक लिहून घेत होतं, ते आता स्वतःचे घोटाळे लिहायला लागलं. 'हात लावू का' कमी व्हायला मात्र वर्ष गेलं. काहींचं अजून गेलेलं नाही.

मध्ये एकदा पाबळला जाऊन आले. शिरूर तालुक्यातलं पाबळ, डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम. हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन केलेला माणूस अवर्षणग्रस्त गावात येऊन राहिला आणि मुलांना हाताने काम करत शिकवायला लागला. त्यांच्या कामातूनच हायस्कूलांमध्ये आयबीटी (इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी) आलं: आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस कामाचा. वेल्डिंग, वायरिंग, शेती, अन्नप्रक्रिया. मला त्यातलं सगळ्यात आवडलं ते हे की निवड करायला ठेवलेलं नाही. सगळ्यांनी सगळं करायचं. मुलगे चिक्की करतात, मुली वेल्डिंगचा मुखवटा लावतात. आवडीवर सोडलं असतं तर मुली चिक्कीकडे गेल्या असत्या आणि आपण म्हटलं असतं, बघा, त्यांनाच आवड नाही.

३ जानेवारीला शाळेत बालिका दिन असतो. नऊवारी नेसलेल्या पाच-सहा सावित्री, आणि प्रत्येकीच्या भाषणात शेण-दगड. जोतिरावांचं घराणं आमच्याच तालुक्यातल्या खानवडीचं, त्यामुळे इथे हा दिवस जरा घरचा असतो. एका वर्षी मला बोलायला सांगितलं. मी १८८२ ची गोष्ट सांगितली: शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतिरावांनी प्राथमिक शाळेत मोडी, बालबोध आणि हिशेबाबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञानही मागितलं होतं. कुणी फार लक्ष दिलं नाही. मग सुधा मूर्तींची सांगितली. १९७४, टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत अशी ओळ, आणि त्यावर थेट जेआरडींना पोस्टकार्ड. याला टाळ्या पडल्या. भाषण झाल्यावर सहावीतली एक हळूच म्हणाली, "मग आत गेल्यावर त्यांना मशीनला हात लावू दिला का?" त्या तिथे इंजिनिअर म्हणूनच लागल्या होत्या गं, मी म्हटलं. तिचं समाधान झाल्यासारखं दिसलं नाही.

परिस्थिती बदलली नाही असं म्हणणं खोटं ठरेल. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी २०२४ पासून राज्याने माफ केली. बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे. गावातले बाप आता 'मुलगी इंजिनिअर होईल' असं चारचौघांत म्हणतात, आणि ते ऐकून मला बरं वाटतं. पण 'असर' या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२३ च्या पाहणीतला एक आकडा मला विसरता येत नाही. खेड्यांतली १४ ते १८ वयाची मुलं-मुली, त्यातही फक्त ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो अशी. त्यांच्यात स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के, मुली १९.८ टक्के. वापरता दोघांनाही येतो. माझ्याकडे असलेल्या पोरींच्या नंबरांत एकही नंबर पोरीचा नाही. 'दादा', 'पप्पा', 'काकांचा (फक्त संध्याकाळी)', 'आई, बटणाचा' असे ते सेव्ह केलेले आहेत.

मोटरवाली आता नववीत आहे, सासवडच्या हायस्कुलात. शनिवार बंद झाले. जाताना तिने माझ्याकडून एक आर्डुइनो, एक रिले (बोर्डाच्या इशाऱ्याने चालू-बंद होणारी कळ), मातीचा ओलावा मोजायचा दोन पायांचा सेन्सर आणि पाण्याचा ५ व्होल्टचा टीचभर पंप नेला होता. तुळशीला आपोआप पाणी घालायचं होतं तिला. आईला सकाळी नर्सरीत कामाला जायची घाई असते आणि तुळस वाळते, म्हणून.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी 'दादा' नंबरवरून फोन आला. मी कंपनीच्या बसमध्ये होते.

"ताई, मी. दादाने पाच मिनिटंच दिलाय फोन. पंप उलटा चालतोय. माती ओली केली की सुरू होतो, वाळली की बंद."

मला वाटलं वायरिंग. "रिलेला पंपाची तार कुठे लावलीस? एनओ का एनसी?" (एनओ म्हणजे रिले चालू झाला तरच जोडणारं टोक, एनसी त्याच्या उलट.)

"एनओलाच. ते तीनदा बघितलं. एका वेळी एकच बदललं."

"मग कोरड्या मातीत आकडा किती येतोय?"

"नऊशेऐंशी. पाणी घातलं की तीनशेवर येतो." मग थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मागे कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न आणि दादाचं 'आटप' ऐकू आलं. "ताई, पाणी वाढलं की आकडा वाढेल असं धरलं होतं मी. पण हा तर कमी होतोय."

"का होत असेल?"

"ओल्या मातीतून करंट जातो. कोरडी अडवते. म्हणजे हा आकडा पाण्याचा नाहीच, अडवण्याचा आहे." पुन्हा थांबली. "मग माझं ते चिन्ह उलटं पाहिजे. लहान-मोठ्याचं."

"शाळेतच प्रोग्राम बदलून बोर्डात भरायचा का आता? कॉम्प्युटर कुठे आहे तुझ्याकडे?"

"शेजारच्या सरांकडे लॅपटॉप आहे. त्यांना सांगितलंय. ते म्हणाले, हात लाव, पण..."

फोन कट झाला. पाच मिनिटं झाली असावीत. मी परत लावला तर दादाने उचलला आणि अतिशय अदबीने म्हणाला, "मॅडम, मी गाडीवर आहे."

झालं की मिस कॉल दे, हे मी तिला सांगायचं राहून गेलं होतं. पण आमच्यात ती पद्धत पहिल्यापासूनच आहे. रात्री भांडी घासून हात पुसत आले तेव्हा फोनवर एक मिस कॉल होता, नऊ वाजून दहा मिनिटांचा. नंबर 'आई, बटणाचा'.